वस्तीत मारहाण रोखायला गट काढतोय : नेमकं काय करायचं, काय टाळायचं?

मानेवाडा_गट

नमस्कार. नागपुरात मानेवाड्याकडचा एक लेआऊट आणि त्याला लागून असलेली वस्ती मिळून दीडशेक घरं. दोन बचत गटांतल्या बायका, एक आशाताई, एक अंगणवाडीसेविका आणि तीन समजदार पुरुष अशी बारा जणं तयार आहेत. घरातली मारहाण थांबवायची आणि जी बाई मदत मागेल तिच्या पाठीशी उभं राहायचं, इतकं ठरलंय. पहिली बैठक येत्या रविवारी. "जनजागृती करा" हे सोडून सांगा. रात्री अकराला भिंतीपलीकडून आवाज आला तर दार वाजवायचं का? पोलिसांत कोणी जायचं? कागद कोणते, पैसे किती?

नंदनवनची_ताई

पहिला नियम हा करा, की गट निवाडा करणार नाही. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समझोता घडवायचा मोह प्रत्येक नव्या गटाला होतो आणि गट तिथेच फसतो. त्याच्या समोर ती खरं बोलू शकत नाही. बोललीच, तर त्याची किंमत त्याच रात्री मोजते. मग शंभराच्या स्टॅम्प पेपरवर "यापुढे मारणार नाही" असं लिहून घेतात. तो मोडला म्हणून त्याला कोणी पकडत नाही. उलट पुढच्या वेळी ती ठाण्यात गेली की "तुमचं तर आपसात मिटलं होतं न?" असं ऐकावं लागतं.

दुसरा नियम, कोणीही त्याच्या अंगावर हात टाकायचा नाही. दहा जण जाऊन त्याला "समजावून" आले की गटावर केस होते आणि घरात तिला दुप्पट मार बसतो.

आता दार वाजवण्याबद्दल. हो, वाजवायचं. पण दोघांनी जायचं, त्यात एक बाई हवी, आणि भांडणाचा विषय काढायचा नाही. विरजण मागा, मोटार किती वाजता सुरू करायची ते विचारा. उद्देश एवढाच की उगारलेला हात थांबावा आणि कोणीतरी ऐकतंय हे त्याला कळावं. दारातच पाच-सात मिनिटं काढायची, आत जायचं नाही. हातात शस्त्र दिसलं, तो दारू पिऊन तोल गेलेला असला किंवा आतून आवाज एकाएकी बंद झाला, तर दार सोडा आणि ११२ लावा. पत्त्यात प्लॉट नंबर आणि जवळची खूण दोन्ही सांगा. आपल्याकडे प्लॉट नंबर सरळ ओळीत लागत नाहीत, गाडी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन फिरत राहते.

आणि एप्रिल ते जून जास्त लक्ष ठेवा. घरोघरी कुलर चालू असतो, त्याच्या आवाजात भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नाही. त्या दिवसांत कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. रोज टँकरवर येणारी बाई दोन दिवस दिसली नाही, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून आली, तर विचारपूस करा.

आशा_कार्यकर्ती

विचारपूस कशी करायची यावर थोडं. सासू किंवा नवरा ऐकण्याच्या अंतरावर असेल तर विचारूच नका. गरोदर बाईचं वजन, बीपी घेताना ती पाच मिनिटं एकटी मिळते. गरोदरपणात मार सुरू होणं किंवा वाढणं नवीन नाही, म्हणून त्या भेटीत प्रत्येकीलाच विचारायचं, संशय असलेल्या एकीलाच नाही.

"तुला नवरा मारतो का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "घरात कोणाची भीती वाटते का? मनासारखं बाहेर जाता येतं का? पैसे मागावे लागतात का?" इथून सुरुवात करा. ती "नाही" म्हणाली तर विषय सोडा, दार उघडं ठेवा. "कधी वाटलं तर मी आहे" एवढं पुरे. अनेक जणी तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतात.

१८१ या महिला हेल्पलाइनचे स्टिकर चावडीवर लावून उपयोग नाही, तिथे थांबून नंबर वाचणारी बाई सगळ्यांना दिसते. ब्युटी पार्लरच्या आत, पिको-फॉलच्या दुकानात ट्रायलच्या पडद्यामागे, सार्वजनिक शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

गुप्तता पाळू म्हणताना एक अपवाद आधीच सांगून टाका. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार होत असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. अठरा पूर्ण नसलेली "सून" असेल तर तिथेही हेच लागू, लग्न झालंय म्हणून सूट नाही. हे नंतर कळलं तर बाईला दगा झाल्यासारखं वाटतं. मुलांसाठी नंबर १०९८.

कोर्टकचेरी

कायद्याचं मी लिहितो. गटातल्या प्रत्येकाच्या डोक्यात दोन वाटा वेगळ्या असायला हव्यात.

एक फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना नवं कलम लागतं, त्याआधीच्यांना जुनं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीला साधारण तीन वर्षांची मुदत असते, शेवटची घटना धरून. एफआयआर झाला म्हणजे लगेच अटक, असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अटकेची गरज पोलिसांना लिहून दाखवावी लागते. "आज तक्रार, उद्या तो आत" असं कोणी बाईला सांगू नका. तो संध्याकाळी घरी परत येईल हे धरूनच तयारी करा.

दुसरी वाट २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. "मला त्याला तुरुंगात टाकायचं नाही, फक्त मार थांबावा, घरातून काढू नये आणि मुलांचा खर्च मिळावा" असं म्हणणारीसाठी हीच वाट आहे, आणि बहुतेक जणी हेच म्हणतात. अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे. ती तात्पुरती माहेरी राहत असली तरी तिथल्या कोर्टात करता येतो. म्हणजे सासर बालाघाटला आणि ती नागपुरात बहिणीकडे आली, तर अर्ज नागपुरात चालतो. फक्त बायकोच नाही, आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्यांना हा कायदा आहे.

अर्जात होणारी मोठी चूक म्हणजे फक्त खावटी मागणं. एकाच अर्जात कलम १८ संरक्षण, १९ राहण्याचा हक्क आणि स्त्रीधन परत, २० खर्च, २१ मुलांचा ताबा, २२ नुकसानभरपाई हे सगळं मागा. सोबत कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह त्याच दिवशी लावा. राहण्याचा हक्क मागितला नाही तर नोटीस पोचल्यावर तो कुलूप बदलतो आणि मग तिला घरात शिरण्यासाठी नव्याने झगडावं लागतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हक्क नाही, हा समज २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालाने मोडला आहे.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, आणि लांबण्याचं मोठं कारण असतं न बजावलेली नोटीस. घरचे "तो इथे राहत नाही" म्हणतात. म्हणून अर्जात घराच्या पत्त्यासोबत कामाचा पत्ताही द्या. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत असेल तर कंपनीचं नाव, कुठलं गेट, कोणती पाळी. ऑटो चालवत असेल तर गाडीचा नंबर आणि स्टँड. ही माहिती वकिलाला मिळत नाही, शेजाऱ्यांना असते. गटाचा खरा उपयोग इथे आहे.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयातच कार्यालय आहे, फोन १५१००.

इतवारीकर

संरक्षण अधिकारी आणि डीआयआर यांचं कोणी नीट सांगेल का? शेजाऱ्याने कळवलं तर त्याच्यावर काही येतं का?

नंदनवनची_ताई

काही येत नाही. कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी, फौजदारी कुठलीच जबाबदारी येत नाही. बाईला विचारून कळवा, एवढं पथ्य पाळा.

संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास खात्याचे. ते नमुना १ भरतात, तोच डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसेच्या घटनांचा अहवाल. तो कोर्टात जातो आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. म्हणून तो भरायला जाण्याआधी बाईसोबत एक संध्याकाळ बसा. तीन घटना लिहून काढा : पहिली, सगळ्यात वाईट आणि शेवटची. "तो नेहमी मारतो, शिव्या देतो" या वाक्याने कोर्टात काहीच हाती लागत नाही. हे वाचा :

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत निघाली त्या दुपारी तीनच्या सुमारास, स्वयंपाकघरात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. डाव्या भुवईवर खोक पडली. सासू आणि मोठी मुलगी तिथेच होत्या. दवाखान्यात नेलं नाही, हळद भरली."

तारीख बहुतेकींना आठवत नाही, पण मारबत आठवते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी आठवते, मुलाच्या परीक्षेचा पेपर आठवतो. त्यावरून तारीख काढता येते. अंदाजे तारीख असेल तर "सुमारास" लिहा. ठोकून दिलेली तारीख उलटतपासणीत पडली की बाकीचं खरंही संशयात जातं.

मारच लिहायचा असं नाही. पगार काढून घेणं, दागिने गहाण टाकणं, घरखर्च बंद करणं, वीज तोडणं ही आर्थिक हिंसा, तीही त्याच नमुन्यात येते. बायका ती सांगतच नाहीत, कारण तिला हिंसा म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

नर्सबाई

जखमांबद्दल. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या अपघात विभागात नेलं की एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी जखमेची नोंद, करायला सांगा. आणि डॉक्टरला "पडले" सांगू नका. कोणी मारलं, कशाने मारलं, केव्हा मारलं हे केसपेपरवर आलं पाहिजे. सोबत आलेला नवरा बाहेर थांबेल हे बघा. आधी डीआयआर नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. डीआयआर झालेला नसेल तर दवाखान्यानेच नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. हे नियमांतच आहे, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. म्हणून सोबत जाणारीला हे पाठ असू द्या.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. एक चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. मुका मार पहिल्या दिवशी नुसता लालसर दिसतो, निळाजांभळा होतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा पुन्हा काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दबून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्या फोनमध्ये काढला त्यातली मूळ फाइल काढून टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गळा दाबला असेल तर मानेवर वळ नसला तरी त्याच रात्री दवाखान्यात न्या. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, कपड्यात लघवी होणं, मधला काही वेळ न आठवणं ही लक्षणं. आतली सूज किंवा रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतू शकते. आणि ज्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका फार वाढलेला असतो. अशा घरात "थोडं सांभाळून घे" हा सल्ला कोणी देऊ नका, माझी हात जोडून विनंती आहे.

बर्डीचा_मोबाईलवाला

फोनचं थोडक्यात. बहुतेक घरांत बायकोच्या फोनमधलं गुगल खातं नवऱ्यानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे. म्हणजे ती कुठे गेली, काय शोधलं, कोणाचे फोटो काढले, सगळं त्याला दिसू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" बघा, गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग बघा. पण सापडलं म्हणून लगेच बंद करू नका. अचानक बंद झालं की त्याला कळतं आणि मार पडतो. नुसतं नोंदवून ठेवा, १८१ किंवा वकिलाचा फोन मैत्रिणीच्या मोबाईलवरून करा, संशयाला जागा नको म्हणून आपला फोन घरीच चार्जिंगला ठेवा. बदल करायचे ते घर सोडतानाच, नव्या सिमवर, नव्या ईमेलवर. महत्त्वाचे पाच नंबर कागदावर किंवा पाठ. भांडणात पहिला फोनच फुटतो.

मानेवाडा_गट

खूप कामाचं लिहिताय सगळे. घर सोडायची वेळ आली तर? आणि पैशाचं?

नंदनवनची_ताई

घर सोडण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा. "मी जाते" हे भांडणात बोलून दाखवायचं नाही. तो कामावर असताना, ठरवून निघायचं. आधी दोन-तीन आठवडे एकेक कागद बाहेर काढायचा : आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं ओळखपत्र, लग्नाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल तर लग्नपत्रिका आणि दोघांचे फोटो. दागिन्यांच्या पावत्या, नसतील तर लग्नातले दागिने अंगावर असलेला फोटो. रोजच्या गोळ्या. घराची एक किल्ली. मूळ कागद हलवले की लक्षात येणार असेल तर झेरॉक्सवर भागवा. पिशवी नात्यातल्यांकडे ठेवू नका, शोधायला तो आधी तिथेच जातो.

नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी, गाडीचं आरसी, कर्जाचे हप्ते यांचे फोटो आत्ताच काढा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर खावटीच्या केसमध्ये दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तो कमाई कमी दाखवतो आणि तिच्या हाती पुरावा नसतो.

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, समुपदेशन, पोलीस, वकील, दवाखाना यांची जोडणी तिथूनच होते. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे बायकांचं सरकारी निवारागृह. मुलगा मोठा असेल तर वयाची अट आधी फोनवर विचारा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन रात्री दारात उभं राहिल्यावर नकार ऐकणं फार वाईट, त्या धक्क्याने बायका परत घरी जातात.

पैसे तीन ते पाच हजार रोख, दोघींकडे विभागून. ऑटो, औषध, झेरॉक्स, टायपिंग, दोन दिवसांचं जेवण एवढाच खर्च. वहीत नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा. कोणता आकडा कोणाचा ते फक्त दोघींना माहीत. गटाच्या व्हॉट्सॲपवर एकाही बाईचं नाव, गल्ली, फोटो टाकायचा नाही. बारा जणांच्या ग्रुपमध्ये टाकलेली गोष्ट वस्तीत रात्रीपर्यंत पोचते, त्यातला एकाचा मेहुणा त्याचाच मित्र निघतो.

गोधनी_रोड

मूळ कारण दारू आहे. वस्तीजवळचं दुकान बंद केलं की निम्मं भांडण संपेल. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते, मग गुप्त मतदान. गटाने आधी हे घ्यावं.

नंदनवनची_ताई

भाऊ, दुकान बंद करायला माझा विरोध नाही, पण पहिलं काम म्हणून नको. त्या मतदानात एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूच्या चिन्हाला, लागतात, फक्त आलेल्यांपैकी नाही. मतदार यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली, घर बदललेल्या भाडेकरू, सगळ्यांची नावं असतात. यादी दुरुस्त न करता उतरलेली वस्ती हरते आणि गटाचा सहा महिन्यांचा जोर तिथेच जातो.

दुसरं, तोच माणूस पिऊन साहेबाला मारत नाही, ठाणेदाराला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. न पिणारेही मारतात. दारूने मार वाढतो, जखम खोल होते, हे खरं. पण "दारूमुळे झालं" म्हटलं की त्याची जबाबदारी बाटलीवर जाते.

पुरुषांचं काम मात्र मोठं आहे. तो ज्याचं ऐकतो असा माणूस शोधा : ठेकेदार, क्रिकेटचा कॅप्टन, मामा. सकाळी, शुद्धीवर असताना, एकट्याला गाठून त्याने बोलायचं. "आवाज आम्हाला ऐकू आला, हे चालणार नाही" इतकंच. "तिने सांगितलं" हा शब्द चुकूनही नको.

निळी_पायरी

बैठकीच्या जागेबद्दल. बुद्धविहार असेल तर तिथे घ्या, दुपारी दोन ते चार, बायकांना घरून निघायला कारण लागत नाही. याच शहरात जुलै १९४२ मध्ये दलित वर्ग महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा असा ठराव तेव्हाच्या बायकांनी त्यात केला. पहिल्या बैठकीत हे सांगा, "हे बाहेरचं खूळ आणलंय" म्हणणाऱ्यांसमोर म्हाताऱ्या बायकाच उभ्या राहतील.

इतवारीकर

ठाण्यात एनसी लिहून पाठवून देतात, त्याचं काय करायचं?

कोर्टकचेरी

एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तरी प्रत घ्याच, डीव्हीच्या, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या, अर्जाला जोडता येते. दखलपात्र गुन्हा असेल तर तोंडी सांगू नका, लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा एफआयआर, मागा. एफआयआरची प्रत मोफत. नोंदलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज वरिष्ठांकडे टपालाने पाठवा, पावती जपून ठेवा. वैवाहिक प्रकरणात आधी चौकशीला चौदा दिवस घेता येतात. तेवढे दिवस ती कुठे राहणार हे आधी ठरवा. समुपदेशनाच्या तारखा चालू असतील तरी डीव्हीचा अर्ज थांबवायचा नाही, दोन्ही एकाच वेळी चालतात.

आणि संरक्षण आदेश मिळाला की काम संपत नाही. कलम २४ प्रमाणे त्याची प्रत तिला आणि ठाण्याला मोफत जाते. ती ठाण्यात खरंच पोचली का, ते दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. आदेश मोडला तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. रात्री आलेल्या बीट हवालदाराला हे माहीत असेलच असं नाही. आदेशाची एक झेरॉक्स लॅमिनेट करून तिच्याकडे, एक शेजारणीकडे.

मानेवाडा_गट

रविवारच्या बैठकीत तीनच कामं घेतो. निवाडा न करण्याचा नियम सगळ्यांकडून वदवून घेणं. रात्री फोन उचलणाऱ्या दोघींची पाळी लावणं. आणि गल्लीनुसार प्लॉट नंबर व खुणांचा हाती काढलेला नकाशा, ११२ ला पत्ता सांगायला. पोरं तो शनिवारीच काढून देणार आहेत.

नर्सबाई

पाळीत तिसरी एक राखीव ठेवा ताई. दवाखान्यात गेलेली बाई पाच-सहा तास सुटत नाही, आणि तिच्या लेकरांजवळ घरी कोणीतरी लागतं.